तांदळात ठेवलेली डिस्क

डी नव्हता.

रविवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर ढकलून सुलंद्रीनं कॉम्प्युटर सुरू केला, तेव्हा पडदा नवाच होता. खालच्या पट्टीवरची चित्रं डावीकडून उठून मधोमध येऊन बसली होती, खिडक्यांचे कोपरे गोलगोल झाले होते, मागं कसलंसं निळं फूल उमललं होतं. परक्या बाईनं आपल्या स्वयंपाकघरात शिरून डबे आवरावेत आणि वर 'बघा, किती छान दिसतंय' म्हणावं, तसला प्रकार. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. अपग्रेड केल्यावर असंच दिसणार, हे ब्लीनं आधीच बजावून ठेवलं होतं. ब्ली म्हणजे तिचा थोरला भाऊ अर्तावा; त्याच्याच घराच्या पुढच्या खोलीत तिचं हे समारंभाची कार्डं छापायचं दुकान होतं. तिनं फोल्डरची खिडकी उघडली. सी ड्राइव्ह होता. सीच्या शेजारी, जिथं आजवर डी असायचा, तिथं पांढरी रिकामी जागा. तिनं खिडकी मिटली, पुन्हा उघडली. मशीन बंद केलं, टेबलावरची उदबत्तीची राख झाडली, पुन्हा सुरू केलं. निळं फूल आलं, सी आला. बाहेरून डेन्पासार शहराची रविवारची गर्दी समुद्राकडं निघाली होती, एकेका स्कूटरवर तिघं-तिघं, आणि सुलंद्री त्या पांढऱ्या जागेकडं बघत बसली. तिला आधी वाटलं ते एवढंच, की आपण काहीतरी विसरलोय. गॅस चालू राहिला असावा, कुणाला तरी आणायला जायचं राहून गेलं असावं. मग कुणाला आणायचं राहिलंय ते आठवलं.

डीमध्ये दानेन होता, तिचा मुलगा, फोटोंत आणि व्हिडिओंत. जन्मल्या दिवसापासून दुसरीच्या परीक्षेपर्यंतचा सगळा दानेन. पुढचा दानेन सिंगराजाला, डोंगरापलीकडं, बापाच्या घरी होता आणि त्याच्यावर तिचा काही हक्क नव्हता. त्यात भांडायला जागाच नव्हती. वंश बापाचा, घरचं देऊळ बापाचं, म्हणून मूलही बापाचं. काडीमोड झाल्यावर बाईनं त्या घरच्या पितरांचा निरोप घ्यायचा आणि माहेरच्या पितरांपुढं परत येऊन उभं राहायचं, पोर मागं ठेवून. बाकीच्या बाया ठेवतात तसं तिनंही ठेवलं. पुजारी तिच्या वतीनं त्या पितरांना सांगत होता, की ही आता तुमची नाही, आणि ती हात जोडून बसली होती तेव्हा दानेन मागं कोंबडीच्या डालग्याभोवती धावत होता. कुणी त्याला थांब म्हणालं नाही. निघताना सासरच्यांनी विचारलं, काय नेणार? ती म्हणाली, कॉम्प्युटर. सुदार्सा, तिचा नवरा, त्या क्षणापर्यंतचा नवरा, म्हणाला, ने, जुना झालाय तो तसाही. ब्लीच्या गाडीत तो लोखंडी डबा मांडीवर घेऊन ती डोंगर उतरली. वळणावळणाला डब्याची कड मांडीत रुतत होती. मूल त्यांच्याकडं राहिलं आणि मुलाचं बालपण ती घेऊन आली. सौदा वाईट नाही, असं तिनं तेव्हा स्वतःला समजावलंही होतं. माणूस काय काय समजावतं स्वतःला!

दुपारी ऊन चढलं की दुकानात कुणी फिरकत नाही. त्या वेळी ती डी उघडायची. क्रमानं बघायचं नाही, हा तिचा तिनंच घातलेला नियम. क्रमानं बघितलं तर शेवट येतो. कुठलाही एक व्हिडिओ उघडायचा. कुठंही हात घाला, दानेनचं एकच: "मेमे, बघ ना! मेमे, बघतेस का?" मेमे म्हणजे आई. पतंग असो, गोगलगाय असो, शेजाऱ्याचं डुक्कर असो, आधी मेमेनं बघायला हवं, मग ती गोष्ट खरी. पहिली काही वर्षं तो गालुंगानच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी इथं यायचा. येताना उंची वाढवून यायचा आणि बोलणं कमी करून. शेवटचा आला तेव्हा ओट्यावर फोनमध्ये डोकं घालून बसला. केर्तीनं, वहिनीनं, त्याच्यापुढं मुद्दाम केलेले केळ्याचे गोड लाडू ठेवले तर "राहू दे, पोट भरलंय" म्हणाला. मधल्या काळात तिकडं नवी बायको आली, तिला मेमे म्हणायचं ठरलं आणि सुलंद्रीसाठी 'इबू' उरलं, शाळेतल्या बाईंना म्हणतात ते. मग अभ्यास, मग क्लास, मग यायचाच बंद झाला. त्याबद्दल तिनं कुणाकडं तक्रार केली नाही. डी होता ना. पेन ड्राइव्हवर एक प्रत काढून ठेव, असं ब्ली येताजाता म्हणायचा आणि ती हो म्हणायची. पण प्रत काढायची म्हणजे आता यात नवं काही येणार नाही हे कबूल करायचं, आणि तेवढं कबूल करायला तिचा हात धजत नव्हता.

"ब्ली!" तिनं आत हाक मारली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला असावा, कारण ब्ली तोंडात टूथब्रश तसाच घेऊन धावत आला आणि त्याच्या मागं केर्ती, हातात नैवेद्याचं ताट. "डी गेला," सुलंद्री म्हणाली. ब्लीनं माऊस हातात घेतला, इकडं दाबलं, तिकडं दाबलं, फेस गिळला आणि बायकोकडं बघितलं. तिघांनाही एकाच वेळी काल आठवला. काल लोखंडाचा सण होता. सुऱ्या, कोयते, स्कूटर, शिवणयंत्र, ज्यात ज्यात लोखंड त्या सगळ्याला नैवेद्य. ब्लीनं शुक्रवारीच कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम चढवली होती, सणाला मशीन कसं नवंकोरं पाहिजे म्हणून, आणि शनिवारी सकाळी डब्याची एक बाजू उघडून आत ब्रश मारला होता. बाजू तशीच उघडी ठेवली होती. आशीर्वाद पत्र्यावर सांडून काय उपयोग, लोखंड आत असतं. मग केर्तीनं उदबत्ती ओवाळली, डब्याला नारळाच्या पात्याची झालर बांधली आणि फूल बुडवून तीर्थ शिंपडलं. आत.

"माझ्याकडं काय बघताय दोघं?" केर्ती म्हणाली. "मी काय बादली ओतली? फुलावर मावेल तेवढं पाणी! गेल्या खेपेला स्कूटरवर याच्या दुप्पट टाकलं होतं, ती चालतेय की."

"म्बोक, स्कूटर पावसातही चालते," सुलंद्री म्हणाली. म्बोक म्हणजे वहिनी आणि ताई दोन्ही. इतकी वर्षं एका चुलीवर जेवून ती दोन्ही झाली होती. "हे पावसात चालत नाही."

"मग सांगायचं होतंस आधी! तूच हात जोडून बसली होतीस ना समोर? डोळे मिटून?"

खरं होतं. ती डोळे मिटून बसली होती आणि तीर्थाचे थेंब आत पडताना तिला बरंच वाटलं होतं. वाटलं होतं, डीवरही पडले, दानेनच्या डोक्यावर पडल्यासारखे. आता ते सांगायची सोय नव्हती. ती नुसती म्हणाली, "माझं एवढंच होतं, म्बोक." हे म्हणायला नको होतं. केर्तीचा चेहरा पडला. तिला स्वतःची दोन पोरं होती, एक जकार्ताला, एक जहाजावर, आणि त्या दोघांनाही सुलंद्रीनं शाळेत सोडलं होतं, त्यांच्या तापात रात्री जागवल्या होत्या. "एवढंच काय!" केर्ती पुटपुटली. "घरातली जिवंत माणसं मोजायचीच नाहीत. डब्यातलं पोर तेवढं खरं." आणि ताट घेऊन आत गेली. थोड्या वेळानं तीच परत आली, ओठ घट्ट मिटलेले, आणि ब्लीला म्हणाली, "काढा ती डिस्क. तांदळात ठेवते. माझा फोन मोरीत पडला तेव्हा तांदळानंच वाचला होता."

ब्लीनं स्क्रू काढले, डिस्क बाहेर आली. सुलंद्रीनं ती पहिल्यांदाच पाहिली. पाव किलो वजनाचा, हातात मावणारा लोखंडाचा चपटा तुकडा, वर आकड्यांचा कागद चिकटवलेला. एवढुसा. तिला वाटलं होतं, निदान आत काहीतरी दिसेल. केर्तीनं ती मऊ फडक्यात गुंडाळली आणि स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या रांजणात कोपरापर्यंत हात घालून खोल पुरली. तांदळाच्या रांजणात तांदळाशिवाय दुसरं काही ठेवायचं नसतं, म्हणून वर केळीच्या पानावर चिमूटभर भात आणि फूल ठेवून भाताच्या देवीची माफीही मागून टाकली. "देवी श्रीचं पोट आहे ते," ती म्हणाली. "वाईट करायची नाही ती. बघ तू."

मग वाट बघणं. डिस्क वाळायला किती दिवस लागतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सकाळी केर्ती भातासाठी तांदूळ काढायची तेव्हा रांजणाच्या एका बाजूनंच काढायची, निजलेल्याला जाग येऊ नये तसं. सुलंद्री दुकानात बसून ब्लीच्या लॅपटॉपवर गिऱ्हाइकांची कार्डं करत होती. त्या आठवड्यात सगळी दात घासण्याच्या समारंभाचीच होती. पोरगं वयात आलं की वरचे सहा दात कानशीनं घासून सपाट करायचे, सहा रिपू ताब्यात राहावेत म्हणून. कार्डावर पोराचा जरीच्या कपड्यातला फोटो, खाली आईबापांची नावं. ती नावं जुळवत होती आणि डोक्यात व्हिडिओ लावत होती. पतंगाचा आठवला. गोगलगायीचा आठवला. आंघोळीचा, साबण डोळ्यांत गेला तो. मग तिच्या एक गोष्ट ध्यानात आली आणि ती कार्डावर अर्धं नाव तसंच सोडून बसून राहिली. तिला आठवत होतं ते सगळं डीतलं होतं. पतंग ज्या दिवशी उडवला तो दिवस आठवत नव्हता, पतंगाचा व्हिडिओ आठवत होता. तो जिथं सुरू होतो तिथं दिवस सुरू व्हायचा आणि जिथं संपतो तिथं संपायचा. त्या आधी ती दोघं काय खाऊन निघाली होती, पतंग कुणाचा होता, नंतर तो रडला की नाही, काही नाही. इतकी वर्षं दुपारी बघून बघून तिनं आठवण पुसून टाकली होती आणि तिच्या जागी हे ठेवलं होतं, आणि आता हेही तांदळात. तिला भीती वाटली, साधी, अंधारात वाटते तसली. डी परत आला नाही, तर आपण आई होतो याला दुसरा काही पुरावा आपल्या स्वतःपाशीसुद्धा नाही.

ती मुद्दाम शोधायला लागली, डीत नसलेलं एक तरी काही. कार्डं छापताना, भाजी निवडताना, स्कूटरवर सिग्नलला थांबलेली असताना. येईना. मग एके दिवशी दुपारी कागदाचं नवं रीम उचलून मशीनपाशी नेताना हात भरून आले, आणि ते आलं. जन्मल्यापासूनचे पहिले महिने बाळाचे पाय जमिनीला लागू द्यायचे नसतात; ते देवाघरचं असतं अजून, मातीचं व्हायचं असतं. घरात सगळे आळीपाळीनं कडेवर घेतात. तिच्या सासूला संधिवात, सुदार्सा पतपेढीत कामाला, मग राहिली ती. पहाटेपासून झोपेपर्यंत दानेन तिच्या हातांवर. दंडांत अशी कळ यायची की केस विंचरायला हात वर जायचा नाही. त्याला तसं कडेवर घेतल्याचा एकही फोटो नव्हता. फोटो काढायला हात मोकळा कुठं होता? ती रीम छातीशी धरून तशीच उभी राहिली. वजन साधारण तेवढंच होतं. गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "काय झालं, इबू? जड आहे का?" ती म्हणाली, "नाही, नाही," आणि खाली ठेवली.

सुट्टीच्या दिवशी ब्लीनं डिस्क रांजणातून काढली, तिच्या खाचांत अडकलेला एक-एक दाणा केर्तीच्या केसांच्या पिनेनं टोकरून काढला आणि डब्यात बसवली. बसवताना तो मध्येच थांबला. एक वायर हातात धरून त्यानं ती उलटसुलट बघितली आणि कानामागं खाजवलं. "ही... ही सैल होती वाटतं," तो म्हणाला. "आधीपासूनच. मी ब्रश मारला ना, तेव्हा निघाली असणार."

केर्तीनं कमरेवर हात ठेवले. "म्हणजे माझं तीर्थ नाही."

"तीर्थ नाही."

"म्हणजे तुमचा ब्रश."

"झालं, झालं, आता लावतोय ना!"

"नाही, मी आपली विचारते. इतके दिवस मी देवीची माफी मागतेय, कुणाच्या वतीनं मागतेय ते तरी कळू दे तिला." सुलंद्रीला हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं. ब्लीनं बटण दाबलं, निळं फूल आलं, सी आला, आणि सीच्या शेजारी डी. तिच्या तोंडून "आला!" असं निघालं आणि तिनं केर्तीचा दंड धरला. पण डीच्या चित्रावर एक छोटं पिवळं कुलूप होतं. ब्लीनं डी उघडला तर फोल्डर आलेच नाहीत. एक चौकट आली आणि चौकटीत लिहिलं होतं की ही डिस्क कुलूपबंद आहे, किल्लीचा आकडा घाला. ब्लीनं फोनवर शोधलं, ओठ हलवत वाचलं, पुन्हा वाचलं. "कुलूप आधीपासूनच होतं," तो शेवटी म्हणाला. "जुनी सिस्टिम आपली आपण उघडून द्यायची, म्हणून कळायचं नाही. आता नवी चढवली, ती याला ओळखत नाही. आकडा मागते."

"कुठला आकडा? मी कधी कुलूप लावलं?"

"तू नाही. कॉम्प्युटर घेतला त्यानं लावलं असणार. आकडा त्याच्या मेलमध्ये असतो."

त्यानं. सुलंद्री खुर्चीत बसली. सुदार्सा सगळ्याला कुलूप लावायचा. पतपेढीतला माणूस, स्कूटरला दोन कुलपं, कपाटाला एक, कपाटातल्या डब्याला एक. ती चेष्टा करायची, "मला कुठं लावणार आहेस?" आणि तो खरंच विचारात पडल्यासारखा चेहरा करायचा. त्या दिवसांत ते हसायचे दोघं. तर इतकी वर्षं ती ज्याला आपलं म्हणत होती, मांडीवर घेऊन डोंगर उतरली होती, त्याची किल्ली सिंगराजातच राहिली होती. दुपार-दुपार ती जे बघत होती ते त्याच्या कुलपाआडून, कुणीतरी दार लोटायचं विसरलं म्हणून. तिला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग संताप आला, जुनाच, घडी घालून ठेवलेला. त्या घरातून निघताना तिनं मनाशी ठरवलं होतं की या माणसाकडं पुन्हा काही मागायचं नाही; आणि तेवढी एक गोष्ट तिनं खरोखर पाळली होती. दानेनला पाठवा असंसुद्धा मागितलं नव्हतं. आता ते आठवून तिला त्यात अभिमान वाटावा असं काही सापडेना.

"दुसरा मार्ग नाही?" तिनं विचारलं.

"आहे," ब्ली म्हणाला. "सगळं पुसून कोरी करायची. दुकानाला वापरता येईल. पण मग..." त्यानं वाक्य सोडून दिलं. चौकटीच्या मागच्या यादीत तो पर्याय होताही, साध्या अक्षरात, बाकीच्या शब्दांसारखाच एक शब्द. तिनं ब्लीचा हात माऊसवरून उचलून बाजूला ठेवला.

"विचार की त्याला!" केर्ती म्हणाली. "नाक काय कापलं जाणार आहे? एक आकडा तर मागायचाय, किडनी नाही मागत."

"नाही म्हणाला तर?"

"तर मी जाते सिंगराजाला. बसते त्याच्या पतपेढीच्या दारात नैवेद्याचं ताट घेऊन." आणि ती खरंच गेली असती, त्याबद्दल सुलंद्रीला शंका नव्हती. तिनं फोन घेतला. सुदार्साला लिहायचं काय, यात सकाळ गेली. 'कसे आहात' लिहून पुसलं. 'दानेनचे फोटो' लिहून पुसलं, त्यात रडल्यासारखं वाटत होतं. शेवटी तिनं लिहिलं, जुन्या कॉम्प्युटरच्या डीला कुलूप पडलंय, किल्लीचा आकडा तुमच्या मेलमध्ये असेल, तो हवा होता. उत्तर तासाभरानं आलं. 'आता कामात आहे. पोराला सांगतो.' एवढंच. ती ते पुन्हा पुन्हा वाचत राहिली. पोराला सांगतो. पोराला काय सांगतो?

फोन आला तेव्हा ती जेवण उरकून दुकानात बसली होती. नंबर अनोळखी. केर्ती दाराशी नारळाचं पातं विणत होती. "हॅलो," पलीकडून भरदार पुरुषी आवाज आला, जरा घोगरा.

"बोला. कार्डाचं काम असेल तर उद्या सकाळी या, दुकान—"

"कार्डाचं नाही. मी आहे."

"आपण कोण?"

"दानेन."

तिनं फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडं बघितलं, जणू चूक फोनची होती. केर्तीचं विणणं थांबलं. आपल्या पोटच्या पोराला आपण विचारलं, आपण कोण. आता हे परत घेता येत नव्हतं. "दानेन," ती म्हणाली, "तुला सर्दी झालीय का?"

"नाही. आवाजच असा आहे आता."

"कधीपासून?"

"झालं की वर्ष. विधीपण झाला त्याचा." मुलाचा कंठ फुटला की घरात नैवेद्य करतात, तीर्थ शिंपडतात, पितरांना कळवतात. पितरांना कळवलं होतं तर. "छान झालं," ती म्हणाली. आणि पुन्हा म्हणाली, "छान झालं हं."

"बापांच्या मेलमध्ये सापडला तो आकडा," दानेन म्हणाला. "लांबलचक आहे. इबू, तुम्हाला फोटो काढून पाठवू का? सोपं पडेल."

"नको," ती घाईनं म्हणाली. "फोटोतलं मला दिसत नाही हल्ली. तू वाच." चष्मा तिच्या डोक्यावर होता. केर्तीनं चष्म्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घालून पुन्हा पातं विणायला घेतलं.

तो वाचू लागला. सहा आकडे, जरा थांबणं, पुन्हा सहा आकडे. ती एका बोटानं दाबत होती. घोगरा, सावकाश, परका आवाज. त्यात कुठं काही ओळखीचं सापडतंय का म्हणून ती कान देत होती. शून्य म्हणताना जीभ जरा अडते का? लहानपणी अडायची. आता अडत नव्हती. "हळू," ती म्हणाली. तो हळू झाला. तुकड्यांच्या मध्ये ती विचारत होती आणि तो सांगत होता. जेवलास का? हो. काय? डुकराचं होतं. शाळा? आहे. उंच झालास का? बापांपेक्षा झालो. "आणि दात?" ती म्हणाली. "तुझे दात घासायचे असतील आता."

"काकाच्या लग्नाबरोबरच करणार आहेत. कार्डंसुद्धा छापून झाली." तो अडखळला. आपण काय बोलून बसलो हे त्याला कळलं असावं. "इथंच छापली. बापा म्हणाले, तुमच्याकडं छापायला देणं बरं दिसणार नाही."

"बरोबर आहे त्यांचं," सुलंद्री म्हणाली. सिंगराजातल्या कुठल्याशा दुकानात कुणीतरी तिच्या पोराचा जरीच्या कपड्यातला फोटो मधोमध बसवला होता आणि खाली आईबापांची नावं जुळवली होती. आईच्या जागी कुठलं नाव बसवलं, ते तिनं विचारलं नाही. "कागद कसा आहे?"

"काय माहीत. जाड आहे. सोनेरी अक्षरं."

"सोनेरी शाई वाळल्याशिवाय एकावर एक ठेवू नका म्हणावं. पुसते."

"सांगतो." मग त्यानं शेवटचा तुकडा वाचला.

तिनं शेवटचा आकडा दाबला आणि चौकट नाहीशी झाली. पिवळं कुलूप उघडलं. डब्यातून ओळखीची बारीक करकर आली आणि फोल्डर एकाखाली एक येऊन उभे राहिले, तिनं दिलेल्या नावांनी, सगळे. एकही गेला नव्हता. ब्ली आतून धावत आला. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"उघडलं?" दानेननं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "कुठंतरी चुकलं माझं. परत वाचशील?"

त्यानं सुस्कारा सोडला, पण वाचायला लागला. पहिला तुकडा. दुसरा. तिला आता काही दाबायचं नव्हतं. ती डोळे मिटून ऐकत होती आणि हात, त्या रिकाम्या हाताला दुपारची सवय, आपला आपण माऊसवर गेला आणि बोटानं एक व्हिडिओ दोनदा दाबला. दुकानातले स्पीकर मोठे होते. "मेमे, बघ ना!" सगळ्या खोलीत ते घुमलं. "मेमे! मेमे, बघतेस का?" तिनं धडपडून ते बंद केलं. उशीर झाला होता. पलीकडचं वाचणं थांबलं होतं.

"ते कोण होतं?" दानेननं विचारलं.

"तू."

सिंगराजात कुठंतरी कोंबडा ओरडला, मग एक स्कूटर गेली. तो फोन ठेवील, असं तिला वाटलं, आणि ठेवला असता तर ते योग्यच होतं. पोराला खोटं सांगून फोनवर धरून ठेवलेलं.

"मी असा बोलायचो?"

"हो."

"काय बघायला सांगत होतो?"

तिला सांगता येईना. इतक्या वेळा बघितलेला तो व्हिडिओ, पण तो बोट कशाकडं दाखवत होता हे त्यात नव्हतंच; त्यात फक्त तोंड उघडून बोट दाखवणारा दानेन होता. "मला नाही माहीत, बाळा," ती म्हणाली. "मी तुझ्याकडंच बघत होते." आणि तिला रडू आलं, दाराशी केर्ती बसली होती, मागं ब्ली उभा होता, तरी आलं. फोनवर ऐकू जाऊ नये म्हणून तिनं तोंडावर हात दाबला.

त्यानं खाकरून घसा साफ केला. "शेवटचा तुकडा चुकला असणार तुझा," तो म्हणाला. "मी पहिल्यापासून वाचतो. घाई नाही मला. तू दाबत जा."

"बरं," ती म्हणाली.

तो वाचू लागला, एकेक आकडा सुटा करून, प्रत्येकापाशी थांबत. समोर सगळे फोल्डर उघडे होते. सुलंद्रीनं चष्मा डोळ्यांवर घेतला, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि तो सांगेल तो आकडा दाबत राहिली.